गुमास्ता लायसन्स ते परांची : आमची वाटचाल

आमच्या गुमास्ता लायसन्सवर धंदा लिहिलाय ‘पेंटिंग कॉन्ट्रॅक्टर’. गिऱ्हाइकं फोनवर विचारतात, ‘ताई, पुट्टी पण मारता ना?’ मारतो की! सोसायट्यांच्या जिन्यांना पुट्टी मारली म्हणून तर आमच्या खऱ्या कामाचं, भिंतींवरच्या मोठ्या चित्रांचं, निभावलं.

वडील वरळीच्या बीडीडी चाळीतले, साइनबोर्ड पेंटर. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. मोर्चाच्या आदल्या रात्री भिंती रंगवायला माणसं लागायची, त्यात ते. जानेवारी १९७४ची वरळीची दंगल त्यांनी गॅलरीतून पाहिली. मग मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा लढा. १९७८ला ठराव झाला आणि बाबासाहेबांचं नाव लागायला १९९४ उजाडलं. तितकी वर्षं घोषणा तीच, भिंती तेवढ्या बदलत गेल्या. पुढे फ्लेक्स आला आणि साइनबोर्डचं काम बसलं. मी त्यांच्या हाताखाली अक्षरं भरायला शिकले होते. अक्षरांना गिऱ्हाईक उरलं नाही, तेव्हा चेहऱ्यांकडे वळले.

पँथर हे नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलेलं, हे आमच्याकडे पोरंही सांगतात. तिथल्या भिंतींबद्दल मात्र मला फार उशिरा कळलं. १९६७ साली शिकागोच्या साउथ साइडला काळ्या चित्रकारांनी एका जुन्या इमारतीवर आपल्या माणसांचे चेहरे रंगवले, ‘वॉल ऑफ रिस्पेक्ट’. त्यात माल्कम एक्स होते, मार्टिन ल्यूथर किंग नव्हते. म्हणजे कोण घ्यायचं, कोण वगळायचं ही भानगड तिथेही होतीच! आमच्या प्रत्येक कामाचे पहिले दिवस याच वादात जातात.

बाबासाहेबांचा चेहरा काढणं सोपं वाटतं, पण तसं नाही. फोटोवर चौकोन आखायचे, निळीत बुडवलेलं सूत ताणून भिंतीवर तेवढेच मोठे चौकोन मारायचे आणि वरून खाली उतरत यायचं. परांचीवर उभं राहिल्यावर चेहरा दिसतच नाही. समोर असते फक्त परातीएवढी चष्म्याची काच. म्हणून एक पोरगा रस्त्यापलीकडे उभा राहतो आणि फोनवरून सांगतो, डावी कड खाली आलीय, उचला. पण खरी तपासणी वस्तीतल्या बायका करतात. घाटकोपरच्या एका वस्तीत एक आजी दुपारभर खाली बसून होती. शेवटी म्हणाली, ‘बाई, बाबांची नजर अशी वर नसते, समोर असते.’ दोन्ही बुबुळं पुसली. त्याच भागात रमाबाई नगर. ११ जुलै १९९७ला पुतळ्याच्या विटंबनेनंतर तिथे गोळीबारात १० माणसं गेली. तिथल्या लोकांपुढे चेहरा काढताना ‘साधारण असाच’ म्हणून चालत नाही.

पैशाचं गणित असं. वस्तीचं काम असेल तर फक्त रंग आणि परांचीचं भाडं घेतो. कंपन्या, शाळा, सोसायट्यांना चौरस फुटाचा दर, निम्मे पैसे आगाऊ. एका मोठ्या कंपनीला ‘समता’ या विषयावर भिंत हवी होती. स्केच पाहून त्यांचा निरोप आला, तो निळा जरा हलका करा. पांढरा मिसळला की निळा हलका होतो, त्यात कारागिरी काही नाही. आगाऊ रक्कम परत केली. त्या महिन्यात पगार उशिरा झाले आणि माझ्या माणसांनी मला चार शब्द सुनावले. तेही बरोबरच होते.

आता बीडीडीच्या चाळी पाडून टॉवर उभे राहताहेत. वडिलांच्या हातची एकही भिंत उरलेली नाही. मला त्याचं फारसं वाईट वाटत नाही, कारण मोर्चाची भिंत टिकवायला रंगवलेलीच नसते. आताच्या लोकांना मात्र टिकणारं हवं. एका नव्या इमारतीच्या कंपाउंड वॉलचं कोटेशन दिलंय. प्लास्टर ओलं आहे. किमान २८ दिवस सुकू दिलं नाही तर क्षार वर येऊन रंग फुगतो. कमिटीला तेवढाच वेळ मिळालाय. माई रमाई हव्यात, सावित्रीबाईंशेजारी फातिमा शेख हव्यात, इथपर्यंत एकमत आहे. महाडच्या चवदार तळ्यावर भांडण जुंपलंय, कारण ते घेतलं तर पार्किंगच्या गेटवरचा कोपरा जातो.