आठ बॅगा मिळतात म्हणून आठ भरू नका

‘अमेरिकेत दोन-तीन वर्षं राहायचंय. एक मूल दोन वर्षांचं, दुसरं पाचचं. बॅगांत काय काय भरू?’ उन्हाळा आला की हा प्रश्न हमखास येतो, आणि विचारणाऱ्याकडे लांबलचक यादी आधीच तयार असते. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: यादीच्या आधी हात मोजा.

मुंबईहून अमेरिकेला जाणाऱ्या बऱ्याच इकॉनॉमी तिकिटांवर माणशी २३ किलोच्या दोन बॅगा मिळतात. दोन वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला स्वतंत्र जागेचं तिकीट लागतं, म्हणून त्याच्या बॅगाही पूर्ण. चौघांच्या झाल्या आठ, म्हणजे १८४ किलो. इथे सगळे हुरळतात. पण अमेरिकेत ज्या विमानतळावर पहिल्यांदा उतराल, तिथे पुढचं विमान असलं तरी सगळ्या बॅगा पट्ट्यावरून ओढून घ्यायच्या, कस्टम्समधून न्यायच्या आणि पुन्हा जमा करायच्या असतात. (अबुधाबीमार्गे गेलात तर ही तपासणी तिथेच होते.) तेव्हा एकाच्या कडेवर झोपलेलं मूल असतं आणि दुसऱ्याच्या हातात पाच वर्षांच्याचा हात. ट्रॉलीवर जेमतेम तीन बॅगा बसतात. माझ्या मते मोठ्या बॅगा पाच, फार तर सहा. घरच्या काट्यावर २२.३ किलोच्या वर जाऊ नका, कारण काट्याकाट्यात अर्ध्या किलोचा फरक पडतो आणि काउंटरसमोर बॅग उघडून लोणच्याची बरणी कुठे ढकलायची हा विचार करायची ती जागा नव्हे. प्रत्येकाचे कपडे दोन बॅगांत वाटून ठेवा. एक बॅग मागे राहिली तर एकाच मुलाचे सगळे कपडे अडकायला नकोत.

या पाचांपैकी एक बॅग पहिल्या रात्रीची. तिला लाल नाडा बांधा. भाड्याची घरं तिथे बऱ्याचदा रिकामी मिळतात. बेडरूममध्ये छताला दिवासुद्धा नसतो. त्या बॅगेत चौघांसाठी चादरी आणि पातळ पांघरुणं, तीन लिटरचा कुकर, चार ताटल्या-वाट्या, मीठ, तिखट, हळद, पोहे, इन्स्टंट उपम्याची पाकिटं, रात्रीसाठी दहा डायपर, अमेरिकन पिनेचे दोन अ‍ॅडॅप्टर. आणि प्लास्टिकचा मग. तिथल्या संडासात जेट स्प्रे नसतो आणि असा मग नेमका पहिल्या दिवशी मिळत नाही. मुलं पहिले चार-पाच दिवस रात्री दोन-तीनला टक्क जागी होऊन ‘भूक लागली’ म्हणतात, म्हणून खाण्याचं सामान याच बॅगेत हवं.

मिक्सर नेऊ नका. तिथली वीज १२० व्होल्टची, आपला मिक्सर २३० चा. त्यावर तो धड फिरत नाही, आणि तेवढा भार पेलणारा ट्रान्सफॉर्मर मिक्सरपेक्षा जड असतो. ११० व्होल्टचे भारतीय मिक्सर तिथल्या भारतीय दुकानांत मिळतात. फोन-लॅपटॉपचे चार्जर १०० ते २४० व्होल्टवर चालतात, त्यांना नुसता अ‍ॅडॅप्टर पुरतो. पॉवर बँक मात्र हातातल्याच सामानात. शेगडी बहुधा सपाट काचेची किंवा कॉइलची असते, त्यामुळे खोलगट तवा आणि गोल बुडाची कढई डुगडुगतात. सपाट बुडाचा तवा घ्या. कुकरबरोबर दोन जादा रिंगा आणि एक सेफ्टी व्हॉल्व्ह ठेवा. कुकर बिघडतो तो तिथेच, आणि आपल्याच कंपनीची रिंग शोधताना जीव जातो.

खाण्याच्या पदार्थांत काय अडतं ते आधी बघा. सुकं खोबरं भारतातच काढून घेतात. तेलामुळे ते पेट घेण्याचा धोका असतो. वाटून मसाल्यात गेलेलं चालतं. पूजेच्या डब्यातला कापूरही काढा. दुबई किंवा अबुधाबीमार्गे जाणार असाल तर खसखस अजिबात नको. तिथे ती अमली पदार्थांत धरतात. अमेरिकेत ताजा कढीपत्ता चालत नाही. तांदूळ आणि हरभऱ्यासारखी कडधान्यंही घरगुती सामानातून आणू देत नाहीत, कारण खाप्रा भुंगेरा ही धान्यातली कीड. मेतकूट, नाचणीचं पीठ, गोडा मसाला मोठ्या बॅगेत ठेवा आणि पाकिटावर इंग्रजीत स्पष्ट लिहा: भाजलेल्या डाळींचं पीठ, नाचणीचं पीठ. अमेरिकेच्या विमानात हातातल्या सामानात ३५० मिलीहून जास्त पूड असली की अडवू शकतात. बाळाच्या दुधाच्या पावडरीला सूट आहे. अन्न आहे का असं विचारलं की ‘हो’ म्हणा. बहुतेक वेळा बघून सोडतात. लपवलेलं सापडलं तर दंड.

कपड्यांवर फार डोकं खपवू नका. जाडे कोट तिथेच घ्या. जानेवारीत उतरणार असाल तर तेवढे जॅकेट-टोप्या हातातल्या बॅगेत. दिवाळीसाठी प्रत्येकाला एक मापाने मोठा जोड. जी जागा वाचेल ती मराठी गोष्टींच्या पुस्तकांना द्या, ती तिथल्या दुकानात मिळत नाहीत.

औषधांबद्दल जरा सावध. आपल्याकडे मुलांचं पॅरासिटामॉल ५ मिलीत १२० मिग्रॅ, ५ मिलीत २५० मिग्रॅ आणि थेंबांत १ मिलीत १०० मिग्रॅ अशा वेगवेगळ्या ताकदीत येतं. अमेरिकेत ते अ‍ॅसिटामिनोफेन या नावाने ५ मिलीत १६० मिग्रॅ. म्हणजे आपल्या थेंबांचा एक मिली तिथल्या साधारण तीन मिलींच्या बरोबरीचा. ‘एक चमचा’ हे माप विसरा. बालरोगतज्ज्ञांकडून मुलाचं वजन आणि मिलिग्रॅममधला डोस लिहून घ्या. औषधं मूळ खोक्यात, प्रिस्क्रिप्शनसह ठेवा.

लसीकरणाच्या कार्डावर तारखा ०५/०८ अशा असतील तर तिथे तो ८ मे होतो. डॉक्टरांकडून महिना अक्षरांत लिहिलेली इंग्रजी यादी सही-शिक्क्यासह घ्या. पहिल्या वाढदिवसाआधीचा गोवराचा डोस तिथे धरत नाहीत, म्हणून नवव्या महिन्यातला मोजू नका. शिवाय सरकारी एमआर (गोवर-रुबेला) लशीत गालगुंडाची लस नसते. १ एप्रिल २०१६ नंतरचे पोलिओचे तोंडावाटेचे डोसही धरत नाहीत, इंजेक्शनचे पूर्ण मात्रेचे मोजतात. कांजिण्यांचे दोन डोस बऱ्याच शाळा मागतात. काय राहिलंय ते निघण्याआधी दोन महिने बघा, म्हणजे इथेच टोचून होईल. बीसीजी लशीमुळे क्षयाची त्वचेवरची चाचणी कधी पॉझिटिव्ह येते. तेव्हा रक्ताची चाचणी मागा.

कार सीट इथून नेऊ नका. तिथे अमेरिकन मानकाचा शिक्का असलेलीच चालते. उतरायच्या दिवशी कुणाला तरी ती विमानतळावर आणायला सांगा, किंवा सीटसह गाडी बुक करा.

मुलांचे पासपोर्ट पाचच वर्षांचे असतात. पासपोर्ट व्हिसाआधी संपत असेल तर अधिकारी मुक्कामाची मुदत बऱ्याचदा पासपोर्टच्याच तारखेपर्यंत देतात, आणि ते कुणाच्या लक्षात येत नाही. वर्षभराहून कमी मुदत उरली असेल तर नूतनीकरण करूनच निघा. उतरल्यावर चौघांचे आय-९४ (अमेरिकेत कधी आलात आणि कधीपर्यंत राहू शकता याची सरकारी नोंद) डाउनलोड करा आणि प्रत्येकावरची तारीख स्वतंत्रपणे तपासा. आईवडिलांची आणि मुलांची वेगळी असू शकते.