दार-एस-सलाममधले जुने परके

फोनवर आमच्या टांझानियातल्या दार-एस-सलामचं तापमान बघून नागपूरची मावसबहीण हमखास हसते. ३३ अंश, ह्याला काय ऊन म्हणायचं! पण आकडा इथे निम्मंच सांगतो. शहर विषुववृत्ताच्या दक्षिणेला जेमतेम सात अंशांवर आणि अगदी समुद्राला लागून. डिसेंबर ते मार्च हवेत इतका दमटपणा असतो की दोरीवरचे टॉवेल दिवसभर वाळत नाहीत, मिठाला पाणी सुटतं आणि रात्रीही पारा २५च्या खाली उतरायला तयार नसतो. उन्हाळा येतो तोही दिवाळी झाल्यावर. आंबे तेव्हाच. नाताळात बाजार गलेलठ्ठ 'दोदो' आंब्यांनी भरलेला असतो, आणि तुम्ही अक्षय्यतृतीयेला हापूसचे फोटो पाठवता तेव्हा आम्ही मसिकाच्या, म्हणजे इथल्या मोठ्या पावसात गुडघाभर पाण्यातून शाळेच्या व्हॅनची वाट बघत असतो.

घराचं वेळापत्रक ऊनच ठरवतं. मुलं सकाळी सातच्या आत बाहेर पडतात. इथल्या लोकांच्या हिशेबात सातला एक वाजलेला असतो, कारण वर्षभर सूर्य सहा-साडेसहाच्या आसपासच उगवतो आणि दिवस तिथूनच मोजतात. प्लंबर 'चारला येतो' म्हणाला की तो सकाळी दहाला येणार असतो, म्हणजे येणार असेल तर. दुपारी पडदे ओढून सगळे आत. संध्याकाळी वारं सुटलं की गच्चीवर, किंवा रविवारी कोको बीचवर. तिथे तळलेला कसावा तिखट घालून मिळतो, आणि धाकट्याला आता घरच्या फ्रेंच फ्राईज आवडेनाशा झाल्यात.

फेब्रुवारीत चौघं एकाच खोलीत झोपतो, कारण एसी एकाच खोलीत लावायचा असं ठरलंय. वीज आधी पैसे भरून घ्यावी लागते. मोबाइलवरून पैसे पाठवायचे, २० आकडी क्रमांक येतो, तो मीटरच्या बटणांवर दाबायचा. हा क्रमांक दाबायचा मान कोणाचा, यावरून आमच्याकडे रिमोटपेक्षा जास्त भांडणं होतात. २०२३च्या शेवटाला भारनियमनाने जीव काढला होता. २०२४च्या सुरुवातीला रुफिजी नदीवरच्या ज्युलियस न्येरेरे धरणातून वीज यायला लागली आणि इन्व्हर्टरवरची धूळ तशीच राहिली.

मलेरियाचं सगळेच विचारतात. मच्छरदाणी रोज, आणि ताप आला की क्रोसिन देऊन वाट बघायची नाही, आधी बोटातून रक्ताचा थेंब देऊन तपासणी. एवढंच. आणि सिंहांचं विचारणाऱ्यांसाठी: त्यांना बघायला आम्हालाही ३०० किलोमीटरवर मिकुमीच्या राष्ट्रीय उद्यानात जावं लागतं.

खरं सांगायचंय ते वेगळंच. परदेशात गेलं की आपण कोण, कुठून आलो हे समजावत बसावं लागतं असं मला वाटायचं. इथे कोणी विचारतच नाही. करियाकू बाजाराच्या गर्दीत शिरलं की दुकानदार लांबूनच हाक मारतो, 'मुहिंदी, करिबू!', म्हणजे 'भारतीय, या!' आम्ही येण्याआधी शे-दीडशे वर्षं 'मुहिंदी' म्हणून एक खण इथे तयार होता, आम्ही फक्त त्यात जाऊन बसलो. एकोणिसाव्या शतकात कच्छ-काठियावाडचे व्यापारी आधी झांझिबारला आणि मग या किनाऱ्यावर आले, त्यांनी तो घडवला. त्यामुळे किसुटू बाजारात कढीपत्ता, शेवग्याच्या शेंगा, मेथी सगळं मिळतं, जवळच देवळं, आणि भाजीवाल्या मामा (स्वाहिलीत मामा म्हणजे आई) 'धणिया' म्हणूनच कोथिंबीर देतात. भाजीही कोकणातल्या आठवडा बाजारासारखी, वाटे लावून.

पण त्या खणाला भिंतीही आहेत. मुहिंदी म्हणजे पैसेवाला, दुकानाचा मालक, काच वर करून गाडीत बसणारा आणि सामान आणायला नोकराला पाठवणारा. मी चालत फेरीच्या मासळीबाजारात जाते, कल्ले उचलून न्गुरू बघते (आपली सुरमईच), भाव करते, तेव्हा विकणाऱ्यांची जी करमणूक होते ती माझ्या मालवणी वाणीमुळे नक्कीच नव्हे. पहिल्यांदा किंमत दुप्पट सांगतात. ती मुहिंदीची किंमत. रागावून उपयोग नाही, कारण मागच्या कित्येक मुहिंदींनी ती मुकाट्याने दिलेली असते.

वरच्या मजल्यावर एक कच्छी मासी राहतात. जन्म इथल्याच टांगा शहरातला, स्वाहिली इतकी गोड की वॉचमन त्यांच्याशी गप्पा मारायला मजले चढून जातो. १९७१मध्ये सरकारने कायदा करून भाड्याने दिलेल्या मोठ्या इमारती ताब्यात घेतल्या, त्यातल्या बऱ्याच भारतीय वंशाच्या लोकांच्या होत्या. पुष्कळ कुटुंबं ब्रिटन-कॅनडाला गेली. मासींचे भाऊ लेस्टरला गेले, मासी राहिल्या. त्यांच्या दृष्टीने आम्ही आणखी तिसरेच, 'कॉन्ट्रॅक्टवाले'. भांडी घेतानासुद्धा त्या मला सांगतात, "भारी नको घेऊस, जाताना विकावी लागतील." म्हणजे बाजारासाठी आम्ही मुहिंदी आणि मुहिंदींसाठी पाहुणे.

मुलं या भानगडीत पडत नाहीत. थोरलीने एकदा शांतपणे विचारलं, "आई, आपण गुजराती आहोत का?" तिच्या वर्गातले भारतीय दिसणारे बहुतेक सगळे घरी गुजराती नाहीतर कच्छी बोलतात, नवरात्रात गरबा खेळतात, त्यामुळे प्रश्न रास्तच होता. गणपतीत दार-एस-सलाममधली मराठी माणसं एकत्र येतात, आरत्या होतात, तेवढे दिवस तिला उत्तर मिळतं. बाकी वर्षभर ती वॉचमनला वाकून 'शिकामू' म्हणते, कारण इथे वयाने मोठा माणूस दिसला की हे म्हणायचंच असतं, आणि तो 'मराहाबा' म्हणून खुशीत फाटक उघडतो. मी म्हटलं की तो जरा अवघडतो. मुहिंदी बायका त्याला असं म्हणत नसाव्यात. आता तो मला मुलीच्या नावाने 'मामा अमुक' म्हणतो. माझं स्वतःचं नाव इमारतीत कोणालाच माहीत नाही, पण इथे सगळ्याच आयांचं तसं असतं, त्यामुळे तक्रार नाही. ही एकच हाक अशी आहे जी त्या खणातून येत नाही.

येणार असाल तर जून ते ऑगस्टमध्ये या. तेव्हा दक्षिणेकडून कुसी वारे वाहतात, रात्री चक्क चादर लागते. येताना तूरडाळ आणू नका. टांझानियात तूर भरपूर पिकते आणि त्यातली बरीच भारतातच जाते, तेव्हा तुमच्या कुकरमधली कदाचित इथूनच आलेली असेल. इथले लोक ती सबंध, नारळाच्या दुधात शिजवून सकाळी मांदाझीबरोबर (तळलेले गोडसर पाव) खातात, आणि मी आता उसळीला तेवढंच नारळाचं दूध घालते. गोडा मसाला, आमसुलं आणि थालीपिठाची भाजणी मात्र आणा. किसुटूतल्या दुकानांत ढोकळ्याच्या पिठाचे पाच प्रकार मिळतात, यातलं एकही नाही.