एकाच नावाच्या दोन बहिणी: चर्चच्या नोंदवहीपर्यंतचा प्रवास

आजोबांची थोरली बहीण 'लहानपणीच गेली', एवढेच आमच्या घरी ठाऊक होते. तिचा माग काढण्यासाठी मी गावच्या चर्चमध्ये गेलो. फादरांनी बाप्तिस्म्याची नोंदवही पुढे ठेवली आणि पहिल्या तासातच मी फसलो. एकाच आईवडिलांच्या मुलीचे एकच नाव दहा वर्षांच्या अंतराने दोनदा आले होते आणि दुसरी नोंद मी लिहिणाऱ्याची चूक समजलो. गेलेल्या मुलीचे नाव पुढच्या मुलीला ठेवण्याची जुनी रीत माझ्या लक्षातच आली नाही. उलगडा केला तो समासाने. कॅथलिक चर्चमध्ये विवाहाची नोंद बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी केली जाते. धाकटीच्या समासात लग्नाची तारीख होती. थोरलीचा समास कोराच होता.

म्हणून मृतांची वही मागितली. अशी वेगळी वही ठेवण्याची पद्धत १६१४च्या रोमन विधिग्रंथाने घालून दिलेली आहे. लॅटिन नोंदीत महिन्याच्या जागी ७चा आकडा आणि त्याला जोडून 'ब्रिस' असे लिहिलेले दिसले, तर तो जुलै समजू नये. लॅटिनमध्ये सातला 'सेप्तेम' म्हणतात, त्यामुळे तो सप्टेंबर असतो आणि ८, ९, १० म्हणजे पुढचे तीन महिने. मरणासन्न व्यक्तीला पवित्र तेल लावण्याचा संस्कार समज आलेल्यांनाच दिला जात असे. थोरलीच्या नोंदीत तो संस्कार होता, वय होते नऊ वर्षे. म्हणजे आम्ही समजत होतो तशी ती तान्हेपणी गेलेली नव्हती.

जाणाऱ्यांनी आधी फोन करून आठवड्यातला मधला दिवस ठरवावा. रविवारी आणि २ नोव्हेंबरच्या मृतांच्या स्मरणदिनी फादरांना उसंत नसते. फोटोला परवानगी मिळाली, तर समासासकट पूर्ण पान घ्यावे. दफनभूमीत सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात झिजलेली अक्षरे उठून दिसतात. दगडावर तारेचा ब्रश, आम्ल किंवा खडू वापरू नये. साधे पाणी आणि मऊ ब्रश पुरतो. थोरलीचा दगड मला सापडला नाही. लहान मुलांच्या कबरींवर पुष्कळदा दगड बसवलेलाच नसे, त्यामुळे तो शोधण्यात दिवस घालवण्यापेक्षा वहीला वेळ द्यावा.

निघताना मिस्सेसाठी, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेसाठी, तिचे नाव दिले, तेव्हा फादरांनी "थोरली की धाकटी?" असे विचारले आणि चिठ्ठीवर नावापुढे 'थोरली' असे लिहून घेतले.