हाडं जास्त टाका

"अर्धा किलोच द्या भाऊ, पण हाडं जास्त टाका."

मटणवाल्याचा सुरा थांबला. "आज पाहुणे नाहीत वाटतं?"

साधाच प्रश्न, पण दिवसभर टोचत राहिला. भाव वाढवणाऱ्याला कुणी जाब विचारत नाही, हात आखडणाऱ्याला मात्र सगळे विचारतात.

खरं तर चव हाडांतच असते. मंद आचेवर दोन-तीन तास ठेवली की त्यांतल्या कोलॅजन नावाच्या प्रथिनाचं चिकट जिलेटिन होतं आणि रस्सा बोटांना चिकटायला लागतो. नुसते तुकडे घ्या, शिजून पाव हिस्सा तरी आटतातच. त्याच रश्श्यात मूठभर मसूर टाकले की घरादाराला पुरतो. (मुलं मसूर निवडून ताटाच्या कडेला लावतात, ते सोडा.)

तुम्ही असा रस्सा पाहुण्यांना वाढता, की तेव्हा तुकडेच मोजता?