संडास काढला, भोकं बुजवली

बोटीवर राहतो असं सांगितलं की फोनवर पहिला प्रश्न हवामानाचा येतो आणि दुसरा, जरा आवाज खाली करून, संडासाचा. आजवर मी त्याचं उत्तर एखाद्या वाक्यात देऊन विषय बदलत आले. यावेळी नीट सांगते. या हिवाळ्यात आम्ही बोट पाण्याबाहेर काढली, जुना संडास मुळासकट काढून टाकला आणि त्याच्यासाठी बोटीच्या तळाशी पाडलेली दोन भोकं कायमची बंद केली. परदेशात आल्यापासून आमच्या हातून झालेल्या कामांत मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच.

बोटीतला जुन्या पद्धतीचा संडास समुद्राच्या पाण्यावर चालतो. भांड्याच्या शेजारी हातपंप असतो. दांडा वरखाली केला की एका नळीतून समुद्राचं पाणी आत येतं आणि दुसऱ्या नळीतून सगळं बाहेर जातं. आत येणारी नळी साधारण 19 मिलिमीटरची, बाहेर जाणारी 38 मिलिमीटरची. दोन्ही नळ्या जिथे संपतात तिथे बोटीच्या भिंतीला आरपार भोक असतं, त्यात धातूचा तुकडा बसवलेला असतो आणि आतल्या बाजूला बंद करायचा कॉक. या भिंतीला सगळे हल म्हणतात आणि कॉकला सीकॉक. दोन्ही भोकं पाण्याच्या पातळीखाली असतात. समुद्र आणि आमची झोपायची जागा यांच्यामध्ये एक कॉक, एक रबरी नळी आणि ती आवळून धरणाऱ्या दोन पट्ट्या, एवढंच काय ते.

त्यात भर म्हणजे बऱ्याच बोटींत भांड्याची कडासुद्धा बाहेरच्या पाण्यापेक्षा खाली असते. नळीत एकदा पाण्याची धार लागली की सायफन तयार होतो आणि पंपाला कुणी हात न लावताही भांडं भरून वाहू लागतं. हे टाळायला नळी पाण्याच्या पातळीच्या बरीच वर नेऊन वळवतात आणि त्या वळणाच्या माथ्यावर हवा आत घेणारी छोटी झडप बसवतात. मीठ साचून ही झडप चिकटली की वळण असून नसल्यासारखं. धक्क्याला बांधून ठेवलेल्या, आत माणूस नसलेल्या बोटी बुडाल्याच्या गोष्टी प्रत्येक बंदरात ऐकू येतात आणि त्यांतल्या पुष्कळ गोष्टींत दोषी असते ती एखादी नळी किंवा असाच एखादा कॉक.

संडासापायी जहाज गमावण्याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण दुसऱ्या महायुद्धातलं आहे. यू-1206 ही जर्मन पाणबुडी 14 एप्रिल 1945 रोजी स्कॉटलंडच्या पीटरहेडजवळ गमावली गेली. खोल पाण्यात वापरता यावा म्हणून तिच्यात दाबावर चालणारा संडास होता. त्याच्या झडपा हाताळताना गफलत होऊन समुद्राचं पाणी आत घुसलं, ते खालच्या बॅटऱ्यांपर्यंत पोचलं आणि क्लोरीन वायू तयार झाला. पाणबुडीला वर यावं लागलं, वर विमानांनी गाठलं आणि शेवटी खलाशांनी स्वतःच ती बुडवली. आमच्या छोट्या शिडाच्या बोटीचा आणि पाणबुडीचा मेळ बसत नाही हे मला मान्य आहे, पण पाणी आत शिरण्याची वाट तीच आहे.

मी हिशोब करून पाहिला. पाण्याखाली 60 सेंटिमीटरवर 38 मिलिमीटरचं भोक उघडं पडलं, तर मिनिटाला सुमारे 140 लिटर पाणी आत येतं. म्हणजे तासाला आठ हजार लिटरच्या वर. छोट्या बोटीतल्या साध्या विजेच्या पंपावर तासाला दोन हजार लिटरच्या आसपास आकडा छापलेला असतो आणि पाणी वर उचलायचं असल्यामुळे प्रत्यक्षात तेवढंही निघत नाही. भोकाचा व्यास दुप्पट झाला की पाणी चौपट येतं, खोली दुप्पट झाली तर मात्र जेमतेम दीडपट. म्हणून प्रत्येक कॉकजवळ मऊ लाकडाचं निमुळतं बूच दोरीने बांधून ठेवायची पद्धत आहे: नळी सुटली की ते ठोकायचं. आमच्याकडेही प्रत्येक ठिकाणी होतं. पण ज्या भोकाची गरजच नाही, त्याच्याजवळ बूच बांधून झोपायचं कशासाठी, हा प्रश्न काही माझ्या डोक्यातून जात नव्हता.

कॉक बंद करून वर धातूची टोपी आवळून टाका, असा सल्ला पुष्कळांनी दिला. तात्पुरतं म्हणून ते ठीकच आहे. पाण्यात असताना दुसरं काही करताही येत नाही. पण कॉक आणि त्याखालचा धातूचा तुकडा तिथेच राहतो आणि गंजतच राहतो. हे तुकडे ब्रॉन्झचे असतील तर पिढीभर टिकतात. साध्या पितळेचे असतील तर समुद्राचं पाणी त्यातलं जस्त हळूहळू खाऊन टाकतं. मागे उरतं ते गुलाबीसर, सच्छिद्र तांबं, दिसायला अखंड पण एका फटक्यात तुटणारं. युरोपात बोटींच्या या तुकड्यांसाठी असलेल्या आयएसओ 9093 या मानकात गंजरोधक कशाला म्हणायचं, तर पाच वर्षं ज्याच्या घट्टपणात, ताकदीत किंवा कामात बिघाड होत नाही त्याला. पाच वर्षं! लोक बोटी चाळीस-चाळीस वर्षं वापरतात. हे वाचल्यावर आमचा निर्णय झाला. भोक झाकायचं नाही, ते हलचा भाग करून टाकायचं.

संडास काढण्याचं काम घाण असतं असं सगळ्यांना वाटतं. तयारी नीट केली तर तितकं नसतं. बोट अजून पाण्यात असताना आधी पुष्कळ गोडं पाणी पंप करून नळ्या धुतल्या, मग व्हिनेगर भरून रात्रभर ठेवलं. समुद्राचं पाणी आणि लघवी एकत्र आली की नळीच्या आत चुनखडीसारखा कठीण थर धरतो. आमची 38 मिलिमीटरची नळी कापली तेव्हा आत जेमतेम अंगठा जाईल एवढी वाट उरली होती. असल्या नळ्या ओढून काढायच्या भानगडीत पडू नये. धारदार सुरीने आडव्या कापाव्यात, तोंडाला लगेच प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधावी आणि तुकडे बाहेर न्यावेत.

वासाबद्दल एक सांगण्यासारखं आहे. वास भांड्याचा नसतो, नळ्यांचा असतो. बाहेर जाणाऱ्या नळीच्या रबरातून वर्षानुवर्षं वास झिरपत राहतो. गरम पाण्यात पिळलेलं फडकं नळीभोवती थोडा वेळ गुंडाळून मग त्या फडक्याचा वास घ्या, लगेच कळतं. आणि आत येणाऱ्या नळीत साचलेल्या समुद्राच्या पाण्यातले बारीक जीव मरतात, तेव्हा कुजक्या अंड्यासारखा वास सुटतो. लोक भांडं घासत बसतात आणि दोष मात्र नळीत असतो.

मग क्रेनने बोट उचलून यार्डात टेकूंवर ठेवली. इथल्या यार्डांत हिवाळाभर असंच एक गाव वसतं. शेजारच्या बोटीवरचं कुटुंब एका देशाचं, पलीकडचा एकटा म्हातारा दुसऱ्या देशाचा, भाषा अर्धीमुर्धी समजते, पण ग्राइंडर कुणाकडे आहे आणि कोरडी जागा कुठे आहे हे सगळ्यांना माहीत असतं. आमच्या कामाची बातमी दोन दिवसांत सगळीकडे पोचली आणि येणारा-जाणारा थांबून आत डोकावू लागला.

धातूचे तुकडे सहज फिरून निघतील ही आशा धरू नये. आतला नट आणि बाहेरची छत्रीसारखी कड यांच्यामध्ये जुनं सीलंट दगडासारखं झालेलं असतं. बाहेरची कड ग्राइंडरने पूर्ण घासून काढली आणि उरलेला तुकडा आतल्या बाजूला ठोकून काढला. मोठा तुकडा कापल्यावर आतून गुलाबी निघाला. बाहेरून पाहून कुणाला शंका आली नसती. मी तो हातात घेऊन बराच वेळ उभी राहिले, कारण मागच्या उन्हाळ्यात याच तुकड्यावर भरवसा ठेवून आम्ही किनारा दिसेनासा होईपर्यंत गेलो होतो. आतला लाकडी ठोकळाही कुजलेला होता. धातूच्या तुकड्याला, सगळे कॉक विजेने एकमेकांना जोडणारी हिरवी वायर असेल तर ती सोडवताना बाकीच्या कॉकचं जोडकाम तुटू देऊ नये.

आता खरं काम. आमची हल फायबरग्लासची, म्हणजे काचेचं कापड रेझिनमध्ये भिजवून केलेली. गोल भोकात इपॉक्सी, म्हणजे दोन द्रव मिसळल्यावर घट्ट होणारं रेझिन, भरून मोकळं व्हावं असं वाटणं साहजिक आहे, आणि कुणीही ते करू नये. असा गट्टू भोकाच्या काठाला, म्हणजे हलच्या जाडीएवढ्याच पट्टीला चिकटलेला असतो. बोट लाटांवर वाकते, गट्टू वाकत नाही, आणि एक दिवस सांधा सुटतो. म्हणून भोकाभोवती बाहेरून चौफेर उतार घासून काढायचा: जाडीच्या बारापट लांबीचा. आमच्या हलची जाडी तिथे सुमारे 10 मिलिमीटर, म्हणजे प्रत्येक बाजूला 12 सेंटिमीटर उतार. पाच सेंटिमीटरचं भोक बुजवायला 29 सेंटिमीटर व्यासाची उथळ बशी खोदावी लागते. चांगली हल इतकी घासताना जीव कासावीस होतो, पण ताकद येते ती त्या उतारातूनच.

घासायच्या आधी ॲसिटोनने पुसायला विसरू नये. मेण आणि सीलंटचा अंश राहिला तर ग्राइंडर तो आत रगडतो. धूळ काचेची असते, म्हणून चांगला मास्क, पूर्ण अंग झाकणारे कपडे आणि बोटीभोवती प्लास्टिकचा तंबू हवाच. पुष्कळ हल दोन थरांमध्ये बाल्सा लाकूड किंवा फोम घालून केलेल्या असतात. तशी असेल तर भोकाच्या कडेचा ओला गाभा खरवडून, वाळवून, तिथे घट्ट केलेली इपॉक्सी भरावी लागते. आमची तळाशी भरीव निघाली याचा मला केवढा आनंद झाला!

आतून प्लास्टिक गुंडाळलेली फळी टेकू लावून दाबून धरली आणि बाहेरून काचेच्या कापडाचे गोल तुकडे इपॉक्सीत भिजवून लावत गेलो. सगळ्यात मोठा तुकडा आधी की सगळ्यात लहान, यावर यार्डात रोज संध्याकाळी वाद व्हायचा. आम्ही मोठा आधी लावला. तो जुन्या हलच्या पूर्ण उताराला चिकटतो आणि नंतर घासताना वरचे लहान थर कापले गेले तरी त्याला धक्का लागत नाही. विणलेलं किंवा शिवलेलं कापडच घ्यावं. तुटक्या धाग्यांच्या नेहमीच्या मॅटमधला डिंक पॉलिएस्टर रेझिनमध्ये विरघळतो, इपॉक्सीत विरघळत नाही. एका वेळी जाड थर दिला तर तो तापून उकळतो, म्हणून थोडे थर, थांबणं, पुन्हा थोडे. थंडीत रेझिन पकडत नाही, त्यामुळे तंबूत हीटर लावून बसावं लागलं. रेझिन पक्कं झाल्यावर वर चिकट तेलकट थर येतो. तो साध्या पाण्याने घासून धुवायचा. न धुता पुढचा थर लावला तर तो नीट चिकटत नाही. शेवटी आतूनही काही थर दिले, बाहेर गुळगुळीत केलं, पाणी रोखणारे इपॉक्सीचे हात दिले आणि वर शेवाळ-शिंपले धरू न देणारा रंग.

यार्डातले एक जुने बोट-बांधणारे शेवटच्या दिवशी येऊन हातोडीच्या मुठीने सगळीकडे टकटक करून गेले. जुन्या आणि नव्या जागेचा आवाज सारखा आला तेव्हा त्यांनी फक्त मान हलवली. मला तेवढं पुरलं.

आता संडास कसला, ते सांगते. घन आणि द्रव वेगळे करणारा, पाणी अजिबात न लागणारा. घन भागात नारळाच्या काथ्याचा भुसा असतो, तो ओल शोषून घेतो. द्रव वेगळ्या कॅनमध्ये जातो आणि दोन्ही एकत्र येत नाहीत म्हणून वास जवळजवळ नाहीच. कॅन किनाऱ्यावर संडासात रिकामा करायचा, रोज किंवा दिवसाआड. हे काम कुणाला नकोसं वाटू शकतं, मला नाही वाटत. आमचा मैला कुठे जातो हे मला आता नक्की माहीत असतं. बऱ्याच ठिकाणी कायदाही त्याच दिशेने गेला आहे: स्वीडनमध्ये 1 एप्रिल 2015 पासून मौजेच्या बोटींना मैला समुद्रात सोडायला बंदी आहे, आणि अमेरिकेत किनाऱ्यापासून 3 सागरी मैलांच्या आत, म्हणजे साधारण साडेपाच किलोमीटरपर्यंत, प्रक्रिया न केलेला मैला सोडता येत नाही. ज्या खाडीत आपण पोहतो, तिथे पंपाचा दांडा मारायचा हे मला कधीच पटलं नव्हतं.

बोट पाण्यात उतरवताना क्रेनचे पट्टे सैल करायच्या आधी मी टॉर्च घेऊन आत बसले होते आणि दोन्ही जागांवर हात फिरवून पाहिला. कोरड्या. मग बाकीचे कॉक पाहिले, कारण तेही त्याच वयाचे आहेत. इंजिनाला थंड पाणी घेणारं भोक ठेवावंच लागेल, तिथे ब्रॉन्झचा नवा कॉक बसवला आहे. स्वयंपाकघरातल्या बेसिनचं सांडपाणी मात्र पाण्याच्या पातळीच्या वरून बाहेर काढता येईल असं दिसतं. पुढच्या वेळी बोट बाहेर काढू तेव्हा तेही भोक बुजवायचं ठरलं आहे, आणि 12 सेंटिमीटरचा उतार आखायचा साचा मी जपून ठेवला आहे.