शेवटच्या दहा मिनिटांची तक्रार

फुटबॉलमध्ये दुबळ्या संघाचे पाठीराखे पराभवाला सरावलेले असतात. समोर बलाढ्य संघ असला की मनाची तयारी आधीच झालेली असते. तीन-चार गोलांनी हरलो तर दोन दिवस मित्रांची चेष्टा ऐकून घ्यायची आणि पुढच्या सामन्याकडे वळायचे, हे त्यांना चांगले जमते. पण पाऊण सामना आघाडी टिकवल्यानंतर, नको नको म्हणत असतानाही विजयाची आशा मनात शिरल्यानंतर, अखेरच्या दहा-पंधरा मिनिटांत दोन गोल खाऊन हरणे, याला कोणाचीच तयारी पुरी पडत नाही. मग जे काही बोलले जाते ते मी बरीच वर्षे ऐकत आलो आहे, आणि त्यात माझाही आवाज असतोच: प्रशिक्षकाने माती केली, पोरांनी कच खाल्ली, पंचांनी लुटले, आमच्या नशिबातच नाही. यातला राग खरा असतो, त्याचा पत्ता मात्र बहुतेक वेळा चुकलेला असतो. शेवटच्या मिनिटाला झालेला गोल बराच आधी घडू लागलेला असतो, असे माझे मत बनत गेले आहे.

याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण म्हणजे २०१८ च्या विश्वचषकातील जपान आणि बेल्जियम यांचा सामना. २ जुलै रोजी रशियातील रोस्तोव्ह येथे बाद फेरीच्या पहिल्याच टप्प्यात ही गाठ पडली. मध्यंतरानंतर काही मिनिटांतच हारागुची आणि इनुई यांनी लागोपाठ गोल केले आणि बावन्नाव्या मिनिटाला जपान २-० असा पुढे गेला. अंतिम निकाल जपान २, बेल्जियम ३. निर्णायक गोल भरपाई वेळेच्या चौथ्या मिनिटाला झाला आणि तो ज्यांनी पाहिला आहे त्यांच्या डोळ्यांसमोरून तो सहसा हलत नाही. जपानच्या होंडाने घेतलेला कॉर्नर बेल्जियमचा गोलरक्षक कुर्त्वाने हवेत झेलला, जराही न थांबता चेंडू डी ब्रॉयनच्या वाटेत सोडला, डी ब्रॉयन मोकळ्या मैदानातून धावत सुटला, उजवीकडे म्युनिएला पास, त्याचा आडवा क्रॉस, लुकाकूने चेंडूला स्पर्श न करता तो जाऊ दिला आणि मागून आलेल्या शादलीने तो जाळ्यात ढकलला. कुर्त्वाच्या हातातून चेंडू सुटल्यापासून हे सारे जेमतेम दहा सेकंदांच्या आसपास आटोपले.

सामन्यानंतरची सगळी चर्चा त्या कॉर्नरभोवतीच फिरली. एवढे खेळाडू पुढे पाठवायची गरजच काय होती, कोपऱ्यात छोटा पास देऊन वेळ का काढला नाही, जादा वेळेपर्यंत सामना का रेटला नाही? हे प्रश्न चुकीचे नाहीत. पण बरोबरीचे दोन गोल एकोणसत्तराव्या आणि चौऱ्याहत्तराव्या मिनिटाला झाले होते, आणि त्याआधी पासष्टाव्या मिनिटाला बेल्जियमने शादली आणि फेलायनी या दोघांना एकदम मैदानात उतरवले होते. सहा फूट चार इंच उंचीच्या फेलायनीने डोक्याने बरोबरीचा गोल केला आणि शादलीने विजयाचा. जपानने पहिले बदल केले ते एक्याऐंशीव्या मिनिटाला, म्हणजे आघाडी पूर्ण पुसली गेल्यावर. ज्या संघाच्या बाकावर असे खेळाडू बसलेले असतात, त्याचा दुसरा अर्धा सामना एका अर्थाने पासष्टाव्या मिनिटाला सुरू होतो. त्या वेळी आघाडीवर असलेल्या संघाचे पाय मात्र तेच असतात, जे पहिल्या मिनिटापासून धावत आले आहेत.

गंमत, तिला गंमत म्हणवत असेल तर, अशी की याच जपानी संघाला चार दिवस आधी वेळ काढल्याबद्दल शिट्ट्या आणि निषेध सहन करावा लागला होता. पोलंडविरुद्ध ०-१ असे मागे असताना, त्याच वेळी चाललेल्या दुसऱ्या सामन्यात सेनेगल हरत असल्यामुळे जपानने अखेरची दहा मिनिटे आपल्याच भागात चेंडू इकडून तिकडे फिरवला आणि सेनेगलपेक्षा दोन पिवळी कार्डे कमी मिळाल्याच्या आधारावर बाद फेरी गाठली. तेव्हा प्रशिक्षक निशिनो यांच्यावर भित्रेपणाचा आरोप झाला. बेल्जियमविरुद्ध त्यांचा संघ शेवटच्या क्षणी जिंकायला गेला, तर त्याला भाबडेपणा म्हटले गेले. पाठीराख्यांची न्यायबुद्धी निकालफलक पाहून चालते, हे यातून दिसते. आणि यात जगातले सगळे पाठीराखे सारखे आहेत.

आता प्रत्यक्षात काय घडते ते पाहू. बलाढ्य संघ चेंडू स्वतःकडे ठेवतो आणि डावीकडून उजवीकडे, पुन्हा डावीकडे असा फिरवत राहतो. यात प्रत्येक वेळी गोलची संधी निर्माण होतेच असे नाही, आणि त्यामुळे पाहणाऱ्याला वाटते की काहीच घडत नाही, आपली बचावफळी भक्कम आहे. पण चेंडू जितक्या वेळा बाजू बदलतो तितक्या वेळा बचाव करणाऱ्या आठ-नऊ खेळाडूंना एकत्र दहा-पंधरा पावले सरकावे लागते, आणि आपल्या पाठीमागे कोण आले आहे हे मान वळवून पाहावे लागते. चेंडूसोबत धावण्यापेक्षा चेंडूमागे धावणे जास्त दमवते, कारण कुठे आणि केव्हा धावायचे हे दुसरा ठरवत असतो. तासाभरानंतर बाजूच्या बचावपटूंची पावले एखाद्या क्षणाने उशिरा पडू लागतात. पुढे एकटा ठेवलेला आघाडीवीर दमतो, त्यामुळे मागून लांब मारलेला चेंडू त्याच्यापाशी टिकत नाही आणि काही सेकंदांत परत येतो. चेंडू परत येत राहिला की फळी दोन पावले मागे सरकते, मग आणखी दोन. ऐंशीव्या मिनिटाला पेनल्टी क्षेत्रात इतकी गर्दी झालेली असते की एखादा चेंडू कोणाच्या तरी पायाला लागून भलतीकडे जाणे, किंवा दमलेला पाय अर्ध्या क्षणाने उशिरा जाऊन प्रतिस्पर्ध्याला लागणे, याची शक्यता दर मिनिटाला वाढत जाते.

या सरकण्यात पाठीराख्यांचाही हात असतो, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. सत्तराव्या मिनिटानंतर मधल्या फळीतील एखाद्या खेळाडूने दबावाखाली शांतपणे चेंडू अडवून छोटा पास द्यायचा विचार केला की अख्ख्या स्टेडियमचा श्वास अडकतो आणि हजारो गळ्यांतून एकच आरोळी निघते की मार, लांब मार. त्याने तसा मारला की टाळ्या पडतात. तो चेंडू सात सेकंदांनी परत येतो याकडे कोणाचे लक्ष नसते. सामना हरल्यावर तेच लोक विचारतात की संघ एवढा मागे का रेलला. घाबरलेल्या माणसाला धीराचा खेळ पाहवत नाही, आणि मैदानावरच्या खेळाडूलाही ती भीती ऐकू येते.

मेक्सिकोच्या चाहत्यांची गोष्ट याच जातीची आहे. २०१४ च्या विश्वचषकात २९ जून रोजी फोर्तालेझाच्या कडक उन्हात त्यांचा संघ नेदरलँड्सविरुद्ध जिओव्हानी दोस सांतोसच्या गोलमुळे अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटापर्यंत पुढे होता. गोलरक्षक ओचोआ त्या दिवशी अप्रतिम खेळला. मग कॉर्नरवरून नेदरलँड्सच्या स्नायडरने बरोबरी साधली आणि भरपाई वेळेत रॉबेन पेनल्टी क्षेत्रात पडला; हुंटेलारने ती पेनल्टी सत्कारणी लावली. ‘नो एरा पेनाल’, म्हणजे ‘ती पेनल्टी नव्हतीच’, हे वाक्य तेव्हापासून मेक्सिकोत भिंतींवर, शर्टांवर आणि विनोदांत जाऊन बसले आहे. रॉबेनने त्याच सामन्यात आधी एकदा मुद्दाम पडल्याची कबुली दिल्यामुळे आगीत तेलच पडले, जरी शेवटची पेनल्टी खरी होती असे तो म्हणतच राहिला. तो निर्णय वादग्रस्त होता याबद्दल माझेही दुमत नाही. पण पेनल्टी दिलीच नसती तरी सामना १-१ असा बरोबरीतच असता, आणि ती बरोबरी कशी झाली याची चर्चा कितीतरी कमी होते. एकसष्टाव्या मिनिटाला मेक्सिकोने गोल करणाऱ्या दोस सांतोसलाच बाहेर काढले होते. उन्हामुळे देण्यात आलेल्या पाणी पिण्याच्या विश्रांतीत नेदरलँड्सचे प्रशिक्षक व्हान गाल यांनी आपली मांडणी बदलली आणि व्हान पर्सीच्या जागी हुंटेलारला उतरवले. स्नायडरच्या गोलसाठी चेंडू डोक्याने खाली देणारा हुंटेलारच होता. पंचांच्या शिटीला शिव्या देणे सोपे आहे. त्या विश्रांतीतल्या दोन-तीन मिनिटांना कोण देणार?

भारतीय संघाच्या चाहत्यांना हे सांगायला बेल्जियम आणि मेक्सिको कशाला हवेत, असे कोणी म्हणेल. ५ सप्टेंबर २०१९ रोजी विश्वचषक पात्रता फेरीत गुवाहाटीत ओमानविरुद्ध सुनील छेत्रीने चोविसाव्या मिनिटाला गोल केला होता. पहिल्या अर्ध्यात भारत इतका मोकळा खेळत होता की ओमान हा वरच्या क्रमांकाचा संघ आहे हे विसरायला झाले. उदांताचा एक फटका गोलच्या आडव्या दांडीवर आदळला. तो दोन बोटे खाली असता तर हा परिच्छेद मला लिहावा लागला नसता. ब्याऐंशीव्या आणि नव्वदाव्या मिनिटाला अल मंधारने दोन गोल केले. त्या रात्री जो तो एकच शब्द उच्चारत होता: दम. आपल्यात शेवटपर्यंतचा दम नाही, तो आपल्या रक्तातच नाही, असे निदान अगदी शांत डोक्याची माणसेही करत होती.

पाच दिवसांनी दोह्यात हाच संघ, तापामुळे छेत्री नसताना, आशियाई विजेत्या कतारशी ०-० असा बरोबरीत सुटला. गोलरक्षक गुरप्रीतसिंग संधूने एकामागून एक फटके अडवले. कतारने त्या सामन्यात ओमानपेक्षा जास्त दबाव टाकला होता आणि शेवटच्या दहा मिनिटांत भारतीय बचाव अक्षरशः गोलरेषेशी टेकला होता. तरी चेंडू आत गेला नाही. आठवड्यापूर्वी ज्यांच्या रक्तात दम नव्हता ते आता पोलादी ठरले. मला यातून एवढेच दिसते की असे सामने फार बारीक फरकांवर सुटतात, आणि एकदा कोसळलेला संघ स्वभावानेच कोसळणारा असतो, हा समज पाठीराख्यांनी स्वतःच्या दुःखाला दिलेला आकार असतो. याच कतारविरुद्ध जून २०२४ मध्ये भारत पुन्हा १-० असा पुढे असताना त्र्याहत्तराव्या मिनिटाला जो गोल झाला, त्यात चेंडू आधीच रेषेबाहेर गेला होता. त्यानंतर पंच्याऐंशीव्या मिनिटाला दुसरा गोल होऊन भारत पात्रता फेरीतून बाहेर पडला. त्या रात्रीचा राग योग्य पत्त्यावर होता, हे मी मान्य करतो. काही वेळा पंच खरोखरच चुकतात.

नव्या नियमांनी दुबळ्या संघांची ही अडचण वाढवली आहे, असे माझे मत आहे. २०२० मध्ये महासाथीच्या काळात तात्पुरती म्हणून आणलेली, सामन्यात पाच खेळाडू बदलण्याची मुभा २०२२ पासून नियमांत कायम झाली. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधील लहान क्लबांनी याला काही काळ विरोध केला होता, तो उगाच नाही. दोन्ही संघांना पाच बदलांची मुभा आहे हे कागदावर समान दिसते, पण एकाच्या बाकावर राष्ट्रीय संघांचे खेळाडू असतात आणि दुसऱ्याच्या बाकावर एकोणीस वर्षांचा मुलगा आणि दुखापतीतून नुकताच उठलेला बचावपटू. त्यात २०२२ च्या विश्वचषकापासून वाया गेलेला वेळ काटेकोरपणे मोजून भरपाई वेळ वाढवण्याकडे कल आहे. चौथ्या पंचाच्या हातातल्या फलकावर लाल आकड्यांत आठ किंवा नऊ उमटले की आघाडीवर असलेल्या छोट्या संघाचा पाठीराखा ज्या चेहऱ्याने त्याकडे पाहतो, तो चेहरा पूर्वी ‘तीन’ या आकड्याला व्हायचा. प्रेक्षक म्हणून मला ही वाढ न्याय्य वाटते, पाठीराखा म्हणून अजिबात नाही.

आणि मग येते सांत्वन. ‘तुम्ही हरलात, पण मने जिंकलीत.’ रोस्तोव्हच्या सामन्यानंतर जपानी प्रेक्षक रडत रडत स्टँडमधला कचरा गोळा करत होते, आणि खेळाडूंनी आपली खोली स्वच्छ करून रशियन भाषेत आभाराची चिठ्ठी मागे ठेवली होती. जगाने त्याचे कौतुक केले, ते योग्यच होते. पण त्या कौतुकात एक गैरसमज डोकावत होता, की हे लोक पराभव छान पचवतात. पिशवीत बाटल्या भरणाऱ्या माणसाचे डोळे सुजलेले असतील तर त्याने काही पचवलेले नसते. त्याने फक्त कचरा उचललेला असतो. तटस्थ प्रेक्षकांना असे सामने आवडतात, तेच त्यांना अविस्मरणीय म्हणतात, आणि हरलेल्या संघाच्या चाहत्यांनीही त्या सौंदर्याची दाद द्यावी अशी त्यांची अपेक्षा असते. ती मला कधीच पटलेली नाही.

त्यापेक्षा ४-० ने हरणे बरे, असे अशा रात्री कोणीतरी म्हणतेच. अ‍ॅटलेटिको माद्रिदच्या पाठीराख्यांनी दोन्ही चाखले आहे. १९७४ च्या युरोपियन चषकाच्या अंतिम सामन्यात बायर्न म्युनिकविरुद्ध लुईस अरागोनेसने एकशे चौदाव्या मिनिटाला फ्री किकवर गोल केला. चषक जवळजवळ हातात असताना एकशे विसाव्या मिनिटाला श्वार्झेनबेक या बचावपटूने लांबून मारलेला फटका आत गेला. तेव्हा अंतिम सामन्याचा निकाल पेनल्टींवर लावण्याची पद्धत नव्हती म्हणून दोन दिवसांनी सामना पुन्हा खेळवला गेला आणि बायर्नने तो ४-० असा जिंकला. चाळीस वर्षांनी, अरागोनेस यांचे निधन झाले त्याच वर्षी, लिस्बनमध्ये त्याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात रेआल माद्रिदविरुद्ध अ‍ॅटलेटिको पुन्हा एका गोलने पुढे होता. जायबंदी दिएगो कोस्ताला खेळवण्याचा जुगार फसून पहिला बदल नवव्या मिनिटालाच खर्ची पडला होता, तर रेआलने तासाभराच्या सुमारास मार्सेलो आणि इस्को असे ताजे पाय उतरवले होते. भरपाई वेळेच्या तिसऱ्या मिनिटाला मॉड्रिचच्या कॉर्नरवर रामोसने डोक्याने बरोबरी केली आणि जादा वेळेत सामना ४-१ असा संपला. अ‍ॅटलेटिकोचा जुना पाठीराखा १९७४ बद्दल बोलू लागला की श्वार्झेनबेकचे नाव घेतो, फटका किती लांबून आला ते हाताने दाखवतो, किती सेकंद उरले होते यावर वाद घालतो. फेरसामन्यात बायर्नचे चार गोल कोणी केले, हे त्याला विचारावे लागते.