बी वाजते, ई गायब

एप्रिलमध्ये नागपुरात भीमगीतांचे कार्यक्रम जोरात असतात. ऑर्केस्ट्रावाल्यांना रोज कुठे ना कुठे स्टेज असतं, त्यामुळे दुरुस्तीला आलेली वस्तू संध्याकाळीच परत हवी असते. अशाच घाईत बेस गिटारचा एक प्रीअँप (अँपच्या आधी आवाज घडवणारा डबा) माझ्याकडे आला. आत अॅनालॉग कोरस, बेस पाच तारांचा.

"भाऊ, बी तार बरोबर वाजते. ई वाजवली का आवाज येऊन-जाऊन राह्यला. कोरस बंद केला का सगळं ठीक." सोबत ऑनलाइन मागवलेला एमएन३००७ आयसी. "हा टाकून द्या, डिलेचा आयसी गेला असं सांगितलं एकानं."

तक्रारीतच अर्धं उत्तर होतं. स्पीकर कमजोर असता तर आधी बी गेली असती. ती सगळ्यात खालची, ३१ हर्ट्झची. ती शाबूत आणि वरची ४१ हर्ट्झची ई गायब, म्हणजे भानगड कोरसच्या डिलेत, म्हणजे आवाज किती उशिरा येतो त्यात.

कोरस म्हणजे मूळ आवाजात त्याचीच काही मिलिसेकंद उशिरा आलेली नक्कल मिसळायची आणि तो उशीर सतत कमी-जास्त करत राहायचं. या प्रीअँपमध्ये ते काम एमएन३२०७ हा डिलेचा आयसी करतो. त्यात १०२४ टप्पे असतात. क्लॉकच्या, म्हणजे ठरावीक वेगाने येणाऱ्या ठोक्यांच्या, तालावर सिग्नल एका टप्प्यातून पुढच्या टप्प्यात सरकतो. उशीर काढायचा तर १०२४ ला क्लॉकच्या दुपटीने भागायचं. पिन २ वर स्कोप (लहर पडद्यावर दाखवणारं यंत्र) लावला तर क्लॉक ३५ ते १०० किलोहर्ट्झमध्ये झुलत होता. म्हणजे उशीर साधारण १४.६ ते ५.१ मिलिसेकंद.

आता ईचं गणित. ४१ हर्ट्झची अर्धी लहर सुमारे १२ मिलिसेकंदांची. उशीर तिथे पोचला की नक्कल बरोबर उलटी पडते आणि मूळ आवाजाला खाते. त्याच क्षणी ८२ हर्ट्झचा दुसरा हार्मोनिक (त्याच तारेतला दुप्पट वारंवारतेचा सूर) मात्र पूर्ण एक लहर मागे असतो, म्हणून तो दुप्पट होतो. ऐकणाऱ्याला सूर अचानक एक सप्तक वर उडाल्यासारखा वाटतो. बीला उलटं पडायला १६ मिलिसेकंद लागतात, तिथवर हा क्लॉक पोचतच नाही. म्हणून बी वाचली. घरी छोट्या स्पीकरवर यातलं काही कळत नाही, कारण त्यातून ४१ हर्ट्झ मुळातच येत नाही. पंधरा इंची बॉक्सवर लगेच उघडं पडतं.

पण आयसी खरंच गेलेला नाही ना, हे आधी बघायला हवं. मिक्सिंगपाशी मूळ आवाजाच्या रेझिस्टरचा एक पाय उचलला, इनपुटला ४१ हर्ट्झचा साइन टोन दिला. नुसत्या नकलेचा सूर हलत होता, पण पातळी स्थिर होती. इनपुट वाढवल्यावर लहरीची वरची आणि खालची टोकं सारखीच कापली जात होती, म्हणजे बायसही (आयसीला दिलेला मधला स्थिर व्होल्टेज) जागेवर. आयसी ठणठणीत. तसंही आणलेला एमएन३००७ इथे चाललाच नसता: टप्पे तेवढेच, पण तो आतून वेगळ्या, पी-चॅनेल जातीचा, त्याला सप्लाय उलट्या ध्रुवतेचा लागतो.

पाय परत जोडल्यावर टोन जवळजवळ दुप्पट व्हायचा आणि जवळजवळ शून्यावर यायचा. मग नकलेच्या वाटेवरचे कंडेन्सर पाहिले. त्यातला एक बाकीच्यांपेक्षा नवा, सोल्डरचा डाग ताजा. त्यावर लिहिलेलं १०४, म्हणजे ०.१ मायक्रोफॅरड. त्याच्यापुढे १०० किलोओहमचा रेझिस्टर. दोघांचा हाय-पास, म्हणजे खालचे सूर अडवणारा, फिल्टर होतो आणि या आकड्यांनी तो १६ हर्ट्झवर कापतो, म्हणजे बेसचं काहीच अडवत नाही. आधी कोणीतरी दुरुस्ती करताना १०३ च्या जागी १०४ बसवला असणार. डबीत दोन्ही शेजारीच असतात. १०३ म्हणजे १० नॅनोफॅरड, त्याने तोच फिल्टर १५९ हर्ट्झवर जातो. मग नकलेत ४१ हर्ट्झ चौथा हिस्साच उरतो आणि मूळ आवाजाला खाण्याइतका जोर त्यात राहत नाही. बेसच्या कोरसमध्ये तळ कोरा ठेवायचा आणि वरच्या पट्ट्यातच झुलवायचं, यासाठीच हा फिल्टर असतो.

पॉलिएस्टरचा १०३ लावला. ४१ हर्ट्झवरचा चढउतार मूळ पातळीच्या वर-खाली जास्तीत जास्त दोन-अडीच डेसिबलवर आला. ए तारेवर थोडा जास्त राहतो, ५५ हर्ट्झवर तीन-साडेतीन. तो कानाला चालतो, उलट थोडी हालचाल हवीच असते.

जाताना त्यानं विचारलं, मागे दोन आउटपुट आहेत त्याचं काय? एकीकडून मूळ आणि दुसरीकडून नक्कल काढून दोन वेगळ्या स्पीकरना दिली तर मिश्रण हवेत होतं आणि वायरीतली ही खाणाखाणी टळते. रोलँडचा जेसी-१२० हा १९७५ पासूनचा गिटार अँप असंच करतो. पण आपल्याकडे बहुतेक साउंडवाले स्टेज मोनोतच, म्हणजे सगळा आवाज एकत्र करून, चालवतात. तिथे दोन्ही आउटपुट मिक्सरमध्ये एकत्र आले की मिश्रण पुन्हा वायरीतच होतं, दोन वायरींचा फायदा राहत नाही. म्हणून त्याला सांगितलं, मंडपात एकच वायर काढ आणि कोरसची डेप्थ (उशीर किती झुलतो ते ठरवणारी खुंटी) अर्ध्यावर ठेव.